जुनंच म्हणा!

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची रात्र आठवते? पुढच्या रांगेत बसून ओरडून ओरडून ज्यांनी घसा बसवून घेतला होता, त्यांना खास विचारतेय. आपल्याच कॉलेजच्या चार मुलांचा बँड स्टेजवर होता. एक इलेक्ट्रिक गिटार, एक बेस, भाड्याने आणलेला ड्रमसेट आणि गाणारा. पहिली दोन गाणी सगळ्यांना पाठ असलेली होती, म्हणून सगळे नाचले. मग गाणारा म्हणाला, "आता आम्ही स्वतः लिहिलेलं एक मराठी गाणं म्हणतो." पहिलं कडवं संपायच्या आतच मागून आवाज आला, "जुनं म्हण रे, जुनं!" मग सगळं ऑडिटोरियम तेच ओरडायला लागलं. "जुनं म्हणा! जुनं म्हणा!" त्या मुलाने अर्ध्यात गाणं थांबवलं, मान खाली घालून गिटारवाल्याला खूण केली आणि तिसऱ्यांदा तेच घासून गुळगुळीत झालेलं गाणं सुरू झालं. आम्ही परत नाचलो.

ओरडणाऱ्यांत मी पण होते. हा लेख मी त्यासाठीच लिहितेय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नेकनूरची. बीडहून मांजरसुंब्याला आलात आणि केजच्या रस्त्याला लागलात की लागतं ते नेकनूर. पप्पांचं तिथे खता-बियाण्यांचं दुकान आहे. शिकले मात्र बीडला, कॉन्व्हेंटमध्ये. रोज सकाळी जीपमध्ये कोंबून जायचं, असेंब्लीत इंग्लिश हिम्स म्हणायच्या, आणि संध्याकाळी घरी आलं की आज्जीच्या शेजारी बसून हरिपाठ. त्यामुळे माझं मराठी असं भेळेसारखं झालंय, संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण त्या भेळेचा एक फायदा झाला. गाण्याच्या बाबतीत 'हे आपलं' आणि 'ते त्यांचं' असा फरक मला कधी नीट जमलाच नाही.

तर, कोल्डप्ले.

ज्यांना माहीत नाही (असे फार कमी असतील, पण आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही) त्यांच्यासाठी सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या चार पोरांनी १९९७ च्या आसपास बनवलेला हा बँड. ख्रिस मार्टिन गातो, जॉनी बकलंड गिटार, गाय बेरीमन बेस आणि विल चॅम्पियन ड्रम्स. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, हॉस्टेलमधली. पहिला अल्बम 'पॅराशूट्स' २००० साली आला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. दहावा, 'मून म्युझिक', ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. पाव शतक झालं, आणि माणसं तीच चार. बारा अल्बम झाले की थांबायचं असं ख्रिस मार्टिनने जाहीर सांगून ठेवलंय.

आता तुमच्या लक्षात येईल की भांडण कशावरून असणार. आमच्या हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते, पहिले चार अल्बम म्हणजेच कोल्डप्ले. २००८ च्या 'विवा ला विदा'नंतर सगळा रंग, फुगे आणि कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस. गिटार गेली, कॉम्प्युटर आला. दुसरी पार्टी म्हणते, माणूस वीस वर्षांचा असताना जे लिहितो तेच त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी का लिहावं? आपण तरी दहावीतल्या वहीतल्या कविता आज कुणाला दाखवतो का? हे भांडण रात्री मेसमध्ये सुरू होतं आणि वॉर्डन मॅडमनी लाइट बंद केला की संपतं. निकाल आजपर्यंत लागलेला नाही.

मी पहिल्या पार्टीत होते. अगदी कट्टर. कारण काय सांगू? मला कोल्डप्ले मिळाले ते चुलतभावाच्या जुन्या एमपी३ सीडीमधून. तो पुण्यात इंजिनीअरिंगला होता, त्याने बर्न करून आणलेली सीडी. त्यावर पहिले तीनच अल्बम होते. सातवीत असताना मी ती इतकी ऐकली की एका गाण्यात मध्येच जिथे सीडी अडकायची, तिथे आजही माझं मन अडकतं. मूळ गाण्यात तो अडथळा नाही हे मला कॉलेजला आल्यावर कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मूळ गाणं मला चुकीचं वाटलं! यावरून तुम्हीच ठरवा, आपण 'ओरिजिनल' कशाला म्हणतो ते.

मग २२ सप्टेंबर २०२४ उजाडला. रविवार, दुपारी बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या शोची तिकिटं त्या दिवशी खुली होणार होती. मी सेकंड इयरला. पप्पांना आठवडाभर लोणी लावून झालेलं. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपये, सगळ्यात महाग ३५,०००. पप्पा आकडे खताच्या पोत्यात मोजतात. म्हणाले, "अडीच हजार म्हणजे जवळजवळ दोन पोती डीएपी झाली की गं." (तेव्हा डीएपीचं पन्नास किलोचं पोतं १,३५० ला होतं.) पण शेवटी हो म्हणाले, मावशी ठाण्याला राहते म्हणून. मी दोन फोन आणि रूममेटचा लॅपटॉप घेऊन बसले. बारा वाजता रांगेत माझा नंबर आला तो लाखांमध्ये. माझ्यापुढे अख्खा बीड जिल्हा उभा आहे असं वाटलं. तासाभराने सगळं संपलं. लोकांच्या मागणीमुळे तिसरा शो जाहीर झाला, त्यातही माझं नाव नाही. आणि संध्याकाळपर्यंत तीच तिकिटं दुसरीकडे कित्येक पटींनी, काही तर लाखाच्या घरात विकायला आली. पुढे काळ्या बाजाराची पोलिसांत तक्रार झाली, चौकशी झाली, पेपरात रोज रकाने भरले. माझे अडीच हजार मात्र वाचले. पप्पांनी त्याचा आनंद फार सभ्यपणे लपवला.

१८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला नवी मुंबईत शो झाले. आपल्या कॉलेजमधलेही काही जण गेले होते. आल्यावर त्यांच्या हातात ते चमकणारे बँड नव्हते (ते परत करायचे असतात), पण तोंडावर चमक मात्र होती. मेसमधलं जुनं भांडण परत पेटलं. मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, की नवीन गाण्यांत दम नाही. तर त्यातला एक सीनियर म्हणाला, "तू लाइव्ह पाहिलंस का? नाही ना? मग तू कसली फॅन!"

लागलं. खरंच लागलं. सात वर्षं ऐकतेय, अर्थ लावतेय, आणि फॅन असण्याचं सर्टिफिकेट कुणाकडे, तर ज्याचा रांगेतला नंबर माझ्या आधी लागला त्याच्याकडे?

पण त्या आठवड्यात अजून एक गोष्ट घडली, आणि ती नेकनूरला घडली.

२६ जानेवारी, रविवार. मी घरी गेले होते. दिवसा शेतात हुरडा झाला. त्या दिवशी कोल्डप्लेचा अहमदाबादचा शो होता, नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये, लाखभर लोकांसमोर, आणि तो डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवणार होते. घरात खोलीत रेंज येत नाही, म्हणून मी माळवदावर गेले. पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवला. थोड्या वेळाने काका वर आले. आमचे काका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आमचं गाव वै. बंकटस्वामी महाराजांचं. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, त्या परंपरेतलं हे नाव. त्यामुळे गावात सप्ताह, कीर्तन, काकडा हे सगळं हवेसारखं आहे, त्याची वेगळी जाहिरात लागत नाही. काका मंदिरातून हरिपाठ करून आलेले, कपाळाला बुक्का, आणि समोर फोनवर ख्रिस मार्टिन घामाघूम होऊन पळतोय.

"काय बघायलीस गं बाई?"

"गाण्याचा कार्यक्रम आहे काका. विलायतचा बँड."

काका बसले. दहा मिनिटं एक शब्द नाही. मग म्हणाले, "हा ड्रमवाला बरोबर ठेवायलाय. उगं कुठं पुढं पळत न्हाई." (विल चॅम्पियन, तुला नेकनूरचं सर्टिफिकेट मिळालं!) मग एक जुनं गाणं सुरू झालं आणि सगळं स्टेडियम गायला लागलं. त्यानंतर नवीन अल्बममधलं एक लागलं, तर लोक हात वर करून उभे होते पण गात नव्हते. काका लगेच म्हणाले, "हे नवं हाय का?"

मी चाट पडले. इंग्लिशचा एक शब्द न कळणाऱ्या माणसाला पब्लिकवरून कळलं, कुठलं जुनं आणि कुठलं नवं!

"कसं ओळखलं?"

"त्यात काय? आमच्याकडंबी तेच की. ओळखीची चाल लागली की मागचे लोक आपोआप टाळ घेत्यात. नवी चाल लागली की आधी ऐकत बसत्यात. चारदा ऐकली की मंग घेत्यात."

आता मी विचार करायला लागले. कीर्तनात होतं काय? कीर्तनकार बुवा उभे राहतात आणि एक अभंग लावतात. तुकोबांचा असेल तर साडेतीनशे वर्षांहून जुना, माउलींचा असेल तर सातशेहून. शब्द एकही बदलायचा नाही. पण त्यावरचं निरूपण, दृष्टांत, मध्ये येणारी दुसरी प्रमाणं, कुठे थांबायचं आणि कुठे गजर करायचा, हे सगळं त्या रात्रीचं असतं. त्याच बुवांचं कीर्तन त्याच अभंगावर दुसऱ्या गावात ऐकलंत तर वेगळं निघतं. कुणी उठून म्हणत नाही, "बुवा, मागच्या सप्ताहात सांगितलं होतं तसंच्या तसं सांगा!"

आपण सीडीच्या आणि आता स्ट्रीमिंगच्या पिढीचे. आपल्याला गाणं म्हणजे एक फाइल वाटते. कधीही उघडा, तीच. म्हणून स्टेजवर पण आपल्याला तीच फाइल हवी असते, फक्त मोठ्या स्पीकरवर. थोडा सूर खाली घेतला की "आवाज गेला", मध्ये दोन ओळी वेगळ्या घेतल्या की "वाट लावली", आणि नवीन गाणं लावलं की पाणी प्यायला बाहेर. मग लाइव्ह तरी कशाला हवं? फाइल घरी आहेच की.

मी काकांना म्हटलं, "काका, म्हणजे तुम्हाला नवीन चाली चालतात तर!" तर काका एकदम उसळले. "चालतात? ह्या आजकालच्या पोट्ट्यायनी अभंगाला सिनेमाच्या चाली लावल्यात, डोकं उठतं!"

"म्हणजे तुम्ही पण 'जुनंच म्हणा'वाले!"

काका हसले. म्हणाले, "हाय ना. पर म्या कधी उठून गेलो न्हाई. पखवाजावर बसतो, पूर्ण साथ करतो. कीर्तन झालं की मंग बाजूला घेऊन शिव्या घालतो."

पूर्ण साथ करायची, मग शिव्या घालायच्या. मित्रांनो, माझा सगळा लेख या एका वाक्यात संपतो. पण संपादकांनी पानं जास्त दिलीत म्हणून पुढे लिहिते.

जुन्या बँडचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न फक्त कोल्डप्लेचा नाही. आपल्या महाराष्ट्रातच गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं येऊन वाजून गेली. १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू हा आयरिश बँड त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, तो १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम पूर्ण वाजवायला. म्हणजे आधीच सांगून टाकलं, की आम्ही जुनंच म्हणायला आलोय. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस आले. त्यांचा शेवटचा पूर्ण अल्बम २००८ चा. लोक गेले ते ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाण्यांसाठी, आणि आल्यावर वाद एकच : ॲक्सल रोझचा आवाज आता पूर्वीसारखा लागतो की नाही? अहो, माणूस १९६२ चा जन्मलेला आहे! आपले सर सलग दोन लेक्चर घेतले की तिसऱ्याला बसून शिकवतात, आणि या माणसाने साठी ओलांडल्यावर भर मे महिन्यात मुंबईत किंचाळायचं, ते पण पंचविशीतल्या आवाजात?

तिसरं उत्तर रोलिंग स्टोन्सचं. एप्रिल २००३ मध्ये ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हाच लोक त्यांना म्हातारे म्हणत होते. त्या म्हाताऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, अठरा वर्षांनी. मिक जॅगर तेव्हा ऐंशीचा होता. गरज होती का? पैशाची तर नक्कीच नाही. मला वाटतं, ज्याला गाणं बनवायची सवय लागलीय त्याला ते बनवल्याशिवाय राहवत नाही. इतकं साधं कारण असावं.

आणि एक उत्तर आपल्या घरचं आहे, जे मला परवापरवापर्यंत माहीतच नव्हतं. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटारवर. त्या काळात आपल्याकडे कॉलेजच्या स्टेजवर परदेशी गाण्यांच्या नकला करणं म्हणजेच रॉक. या लोकांनी स्वतःची गाणी लिहिली आणि वाजवली. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवलं, १९९७ मध्ये बँड फुटला, २०१० मध्ये परत जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बम काढला. मी हॉस्टेलमध्ये विचारलं, कुणी ऐकलाय का? रॉकचे टी-शर्ट घालून झोपणाऱ्या एकानेही ऐकला नव्हता. मी पण नाही. त्या रात्री पूर्ण ऐकला. सगळीच गाणी आवडली असं म्हणणार नाही, पण आपल्या मुंबईचा एक बँड पंधरा वर्षांनी परत येऊन नवीन काहीतरी म्हणतो आणि आपण लंडनच्या बँडचं नवीन चांगलं की जुनं यावर जेवण थंड करतो, हे काही बरोबर नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे फॅनने टीका करायचीच नाही का? नवीन आहे म्हणून गोड मानून घ्यायचं? अजिबात नाही. 'मून म्युझिक' मी आतापर्यंत नऊ-दहा वेळा ऐकलाय. त्यातली दोन-तीन गाणी मला खरंच मनापासून आवडतात, आणि काही अशी आहेत की ऐकताना वाटतं, हे लिहिताना त्यांना स्टेडियम दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. पहिल्या अल्बममध्ये एक पोरगा अंधाऱ्या खोलीत स्वतःशी बोलल्यासारखा गायचा, म्हणून ते मला नेकनूरच्या माळवदावर पटलं. लाखभर लोकांना एकदम पटेल असं लिहायला गेलं की शब्द गुळगुळीत होणारच. ही माझी टीका आहे आणि ती मी मागे घेणार नाही. पण ती मी ऐकून करतेय. आधी मी न ऐकता करायचे. मेसमध्ये मी 'दम नाही' म्हणाले होते तेव्हा अल्बममधली फक्त दोन गाणी ऐकली होती, ती पण अर्धी. त्या सीनियरचं उत्तर चुकीचं होतं, पण माझं वाक्य पण चुकीचंच होतं. हे इथे कबूल करून टाकते.

'लाइव्ह नाही पाहिलं तर फॅन नाही' याबद्दल मात्र मला भांडायचंय. त्या २६ जानेवारीसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या. छान केलं, लोकांची सोय झाली. पण त्या दिवशी बीड शहराला रेल्वेच नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये. म्हणजे कोल्डप्ले बँड तयार व्हायच्या आधी आमची रेल्वे मंजूर झाली होती! त्यांचे दहा अल्बम होऊन गेले तेव्हा कुठे, १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत पहिली गाडी आली. तर ज्याला रेल्वे स्टेशन रिक्षाच्या अंतरावर आहे त्याने, ज्याला मुंबईला जायला रात्रभर एसटीत बसावं लागतं त्याला 'तू कसली फॅन' विचारू नये. एवढंच.

थोडं आपल्या लाइनचं पण बोलते, नाहीतर म्हणाल इंजिनीअरिंगच्या मॅगझिनमध्ये इंजिनीअरिंग कुठेय. २०१९ मध्ये या बँडने सांगितलं, की पर्यावरणाला कमी त्रास होईल असा मार्ग सापडेपर्यंत आम्ही जगभर दौरा करणार नाही. मग २०२२ मध्ये दौरा सुरू केला तो वेगळ्या तयारीने. पब्लिक नाचलं की वीज बनते अशी फरशी, पेडल मारून वीज बनवायच्या सायकली, जनरेटरऐवजी बॅटऱ्या. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आधीच्या २०१६-१७ च्या दौऱ्यापेक्षा थेट उत्सर्जन ५९ टक्क्यांनी कमी झालं. आता हिशोब करा. साधा माणूस सायकलवर सलग १०० वॉटच्या आसपास देतो. दहा जणांनी पेडल मारलं तर एक किलोवॉट, त्यावर आपल्या हॉस्टेलचा गिझर पण चालत नाही. म्हणजे खरं काम सायकली नाही, बॅटऱ्या आणि नियोजन करतंय, सायकली लोकांना सामील करून घेण्यासाठी आहेत. आणि त्या थेट उत्सर्जनात स्टेज, मालवाहतूक, बँड आणि त्यांची माणसं यांचा हिशोब येतो. शो बघायला विमानाने-गाडीने येणाऱ्या लाखो फॅन्सचा नाही. म्हणजे त्या हिशोबाने पाहिलं तर टाकीला फोन टेकवून बघणारी मी सगळ्यात हिरवी फॅन!

बाकी ते हातातले चमकणारे बँड मला फार आवडले. प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा रिसीव्हर आणि एलईडी, आणि एका ठिकाणाहून सिग्नल गेला की लाख मनगटं एकदम निळी. अंगावर काटा आला, खरंच. पण काका बघून म्हणाले, "हे दिवे त्यांनी लावले का लोकांनी?" मी सांगितलं, त्यांच्या कॉम्प्युटरने. "हां," म्हणाले, "म्हणजे टाळ त्यांच्याच हातात हाय." यावर मी अजून विचार करतेय.

आणि एक गंमत. या दौऱ्यात ख्रिस मार्टिन एका गाण्यात मध्येच थांबतो आणि सगळ्यांना सांगतो, की आता फोन खिशात ठेवा, हे गाणं नुसतं अनुभवा. मी काकांना भाषांतर करून सांगितलं. काका म्हणाले, "ठेव मंग खिशात." अहो, ठेवला तर कॉन्सर्टच बंद! आम्ही दोघं टाकीजवळ बसून पोट दुखेपर्यंत हसलो. त्याच वेळी रेंज गेली. चाक फिरत राहिलं. पाच मिनिटांनी चित्र आलं तेव्हा गाणं संपलं होतं. पण मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. काकांनी तोपर्यंत पत्र्याच्या डब्यावर ती चाल धरली होती, जशी त्यांना आठवली तशी. थोडी वेगळी होती. आता मला ते गाणं ऐकलं की पत्र्याचा डबा पण ऐकू येतो, सीडीच्या अडथळ्यासारखा.

असो. आता परत आपल्या ऑडिटोरियममध्ये येऊ.

प्रत्येक जुनं गाणं कधीतरी एकदा पहिल्यांदा वाजलं होतं. तेव्हा समोर जे लोक बसले होते त्यांना ते पाठ नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं म्हणून ते जुनं होऊ शकलं. त्या दिवशी लंडनच्या एखाद्या छोट्या हॉलमध्ये आमच्यासारखी टोळी बसली असती आणि "जुनं म्हण" म्हणून ओरडली असती, तर मला सातवीत ती सीडी मिळालीच नसती.

आणि आपले ते चार जण? गॅदरिंगनंतर त्या गाणाऱ्या मुलाला मी लायब्ररीबाहेर भेटले. सॉरी म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "ते गाणं पुढे काय होतं?" तो म्हणाला, "राहू दे, आता तो बँड नाहीये. बेसवाल्याने बेस विकला." मग जरा थांबून म्हणाला, "पुढे कोरस होता. तोच चांगला होता."

तो कोरस आपण ऐकलाच नाही. मला कोल्डप्लेच्या हुकलेल्या तिकिटापेक्षा याचं जास्त वाईट वाटतं. कोल्डप्लेला माझ्यावाचून काही अडलं नाही, लाखभर लोक होते. या चौघांना मात्र समोर बसलेल्या आपल्या पाचशे जणांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून कल्चरल कमिटीला माझी एक विनंती आहे. या वर्षीच्या गॅदरिंगला अर्धा तास फक्त स्वतः केलेल्या गाण्यांसाठी ठेवा. मराठी, हिंदी, इंग्लिश, अभंग, रॅप, काहीही. चांगलं असेल, वाईट असेल. अट फक्त पब्लिकला घालायची, गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. संपल्यावर मनसोक्त शिव्या घाला. पहिली मीच घालेन.

काकांना बोलवायचं का विचारलं. म्हणाले, "पोट्ट्यायला पखवाज लागत आसंल तर येतो. पर आधी चाल पाठवून दे म्हनावं."